सांध्यात लिहिलेलं

९ फेब्रुवारी

चि. खिट्टीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन चार महिने झाले. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा फाडलं. एकदा अक्षर वाईट आलं, एकदा मजकूर वाईट आला, आणि तिसऱ्यांदा दोन्ही बरं जमलं होतं तर त्यावर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं लवंडलं. चौथीपर्यंत शिकलेल्या सुताराला पत्र म्हणजे बिनमापाचं कपाट. कुठून सुरू करायचं आणि दार कुठे ठेवायचं तेच कळत नाही.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो. काम चालू आहे. तू जेवतेस ना वेळेवर? एकट्या माणसाचं जेवण नेहमी मागे पडतं, मला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. शेजारची शिंपीणबाई परवा एक कागद नाचवत आली. तिच्या भाच्याने तुमच्या शहरात खुर्ची घेतली, ती नेमकी तुझ्या दुकानातली. खुर्चीला हा कागद दोरीने बांधलेला होता. ती म्हणाली, "सुतारदादा, लेकीने खुर्ची विकली का सभा भरवली?" मी कागद हातात घेतला. आत्ताही समोर आहे. तुला पाठ असणार, तरी उतरवतो. बापाच्या अक्षरात वाचून बघ कसं वाटतं ते.

‘ही खुर्ची करणारीची आई काचेच्या कारखान्यात वाळू चाळून, छातीत धूळ भरून गेली. चाळणखोलीला पंखा आणि चाळणाऱ्या बायकांना तोंडाला पट्टी मिळेपर्यंत त्या कारखान्याची काच कुणी घेऊ नये, असं माझं मत आहे. तुमचं नसेल तरी हरकत नाही. खुर्ची मजबूत आहे. बसा.’

अगं, खुर्ची घ्यायला येणारा माणूस दमलेला असतो. त्याला टेकायचं असतं. तू त्याला टेकायच्या आधी विचारतेस, तू कुठल्या बाजूचा? मी सत्तावन्न वर्षं खुर्च्या केल्या. त्यांवर कोण बसलं, काय मानत होतं, कुणावर चिडलेलं होतं, मी विचारलं नाही आणि माझंही सांगितलं नाही. कारागिराने लाकडाबद्दल बोलावं आणि गप्प बसावं.

शिवाय इथे अर्धं गाव त्या कारखान्यात आहे. शिंपीणबाईचा जावईच भट्टीवर आहे. उद्या हा कागद गावभर झाला तर लोक मला काय म्हणतील? आणि तुझी आई म्हणजे दोरीने बांधायची चिठ्ठी नव्हे.

तो कागद काढ. मी मरेपर्यंत तरी काढ, मग तुझी मर्जी.

तुझ्या दुकानाच्या दाराची खालची फळी दमट हवेने फुगते, दार जमिनीला घासतं. थोडी रंधून घे. सुताराचंच दार अडलं तर लोक हसतात.

तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. तुझा छोटा रंधा त्याच खिळ्यावर आहे. पात्याला दर महिन्याला तेल लावतो. एकदा येऊन जा.

तुझा बाबा

२१ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.

कागद काढणार नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पत्राच्या शेवटापर्यंत धाकधुकीत वाचाल.

मला खुर्ची विकायला कुणी शिकवलं? तुम्ही. लाकडात गाठ असेल तर गिऱ्हाइकाचा हात धरून त्या गाठीवर ठेवायचात. "ही बघा. इथे गाठ आहे. चालत असेल तर न्या." अर्धे लोक तेवढ्यावरच न्यायचे. मी तेच करते. ही माझी गाठ आहे. दाखवूनच विकते.

आणि सगळे काही पळून जात नाहीत. एकाने दोरी सोडली, कागदाची नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची घेऊन गेला. एका बाईने खुर्ची ठेवली आणि कागद नेला. एक म्हातारे गृहस्थ तासभर माझ्याशी भांडले, कारखाना बंद पडला तर लोक काय खातील म्हणून घसा कोरडा केला, मी पाणी दिलं, तर जाताना दोन खुर्च्या घेऊन गेले. परवा कुणीतरी दुकानाच्या काचेवर दगड मारला. ती काच कुठल्या कारखान्याची होती ते मात्र विचारू नका.

बाबा, तुम्ही गप्प बसण्याबद्दल लिहिलंत म्हणून मीही लिहिते. आपण हे कधी बोललो नाही.

आईला आडवं पडता येत नव्हतं. पडली की श्वास अडकायचा. तुम्ही तिच्यासाठी उंच पाठीची खुर्ची केलीत आणि ती त्या खुर्चीत बसूनच झोपायची. त्याच महिन्यात, भिंतीच्या पलीकडे, तुम्ही त्याच कारखान्याच्या कचेरीसाठी चाळीस खुर्च्या केल्यात. तिला ठोकाठोक ऐकू यायची. पॉलिश मी करत होते. सांधे जोडायची वेळ आली, सरस तापला, की तुम्ही म्हणायचात, "जा, आईजवळ बस." पॉलिशला मी चालायचे, सांध्याला नाही. मी एकोणीस वर्षांची होते, मला वाटायचं माझ्या हातावर यांचा भरवसा नाही.

आई गेली आणि आठवड्याने कारखान्याची गाडी आली. तुम्ही एकेक खुर्ची पुसून चढवलीत. कचेरीतल्या माणसाने पाठ थोपटली तर हसलात. एक शब्द बोलला नाहीत. मी त्या दिवशी ठरवलं की माझी खुर्ची मुकी नसेल.

दुसऱ्याच महिन्यात घर सोडलं. तुम्ही का म्हणून विचारलंही नाहीत.

दाराचं तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर इथे कधी आला नाहीत.

खिट्टी

४ मार्च

चि. खिट्टीस आशीर्वाद.

दगड मारला आणि तू गंमत करतेस! लागलं तर नाही ना तुला? काच बदललीस का? आधी फळ्या मार, नंतर काच. दुकानात एकटी असतेस का त्या वेळी? हे सगळं नीट लिही, मोघम नको.

गाठीचं तू लिहिलंस ते दोन दिवस डोक्यातून जात नाही. पण गाठ लाकडात असते, आणि गिऱ्हाइकाला लाकडावर बसायचं असतं, म्हणून दाखवायची. माझ्या मनावर कोण बसणार आहे? ते कशाला दाखवायचं? बोलणं तुझ्याइतकं येत नाही मला. तू सात बुकं जास्त शिकलीस. पण तुझी आई आठव. चाळणीवरून घरी आली की पापण्यांवर पांढरी भुकटी असायची, तू लहानपणी हसायचीस, आई म्हातारी झाली म्हणून. तीसुद्धा लोकांजवळ चकार शब्द काढायची नाही. तोंड धुवायची आणि कामाला लागायची. तिचं दुखणं मी परक्या माणसाच्या हातात कसं देऊ?

चाळीस खुर्च्यांचं म्हणशील तर तिचं औषध त्याच कामातून येत होतं. सबब सांगत नाही, होतं ते सांगतो. त्यापुढचं विचारू नकोस.

सरस उकळताना घाण वास येतो. म्हणून तुला बाहेर पाठवायचो. दुसरं काही नाही.

दाराचं शिंपीणबाईचा भाचा बोलला असेल.

मी हसलो होतो हे तुला दिसलं. बरं. दिसलं तर दिसलं.

उत्तर पाठव.

बाबा

२७ एप्रिल

चि. खिट्टीस.

माझं पत्र पोचलं नाही का? का मी काही टोचून लिहिलं? आठवून बघतो तर प्रत्येक ओळ टोचणारी वाटते. पोस्टमन दारावरून जातो तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघतो, म्हणजे त्याला वाटू नये की मी वाट बघतोय. तो म्हणतो, "नाही हो आजोबा," मी न विचारताच.

कागद राहू दे. बांध. हवं तर दोन बांध. पण दोन ओळी लिही, खुशाल आहेस एवढ्याच.

बाबा

१२ मे

ती. बाबांस सा. न.

मी खुशाल आहे. उत्तर लिहायला हात उचलत नव्हता. आता काय झालं ते सांगते, क्रमाने सांगते.

तो कारखाना दुसऱ्याने विकत घेतला, हे तुम्हाला ठाऊकच असेल. नव्या मालकाने कचेरीतलं जुनं सामान काढून विकलं. आमच्या इथल्या एका शाळामास्तरांनी त्यातल्या सहा खुर्च्या घेतल्या. इकडे आणताना एक खुर्ची चालत्या गाडीतून रस्त्यावर पडली, पाय निखळला. मास्तर ती माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "बाई, बाकीच्या पाच तशाच आहेत, वीस-बावीस वर्षांत एक सांधा हललेला नाही. हिच्यावरून मागची गाडी गेली म्हणून, नाहीतर हीसुद्धा मोडली नसती."

पाठीच्या तीन फळ्या बघितल्या आणि ओळखलं. ते पॉलिश माझं होतं. डाव्या फळीवर मी फडकं उलटं फिरवायचे, तुम्ही ओरडायचात, ती खूण अजून आहे.

निखळलेला पाय परत बसवायचा तर जुना सरस काढायला हवा. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं. सांधा सुटला, बैठकीखालची रुंद पट्टी पायातून बाहेर आली. भोकात जाणाऱ्या तिच्या टोकावर, मधासारख्या सरसाखाली, पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. मला वाटलं मापं असतील. पुसायला गेले आणि अक्षरं दिसली. तुमची.

‘आज बसूनच झोपली. पडता येत नाही.’

मी दुसरा सांधा सोडवला. तो पक्का होता, तरी सोडवला.

‘ह्या खुर्चीत बसेल त्याने एक दिवस वाळू चाळावी.’

बाबा, मी जमिनीवरच बसले. मास्तरांनी विचारलं, "काय झालं?" गिऱ्हाइकाला कागद वाचायला द्यावा, तसं मी ते टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि टोपी काढून हातात घेतली.

आधी मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग इतका संताप आला की पटाशी भिंतीवर फेकली. हे तुम्ही लाकडाला सांगितलंत! मी पलीकडच्या खोलीत होते. एक भिंत मध्ये होती. तुम्ही मला आईजवळ बसायला पाठवत होतात आणि इकडे हे लिहून, वरून सरस लावून, पकडीत आवळून टाकत होतात. बावीस वर्षं मी एका हसणाऱ्या माणसावर रागावून राहिले, आणि तो माणूस त्या खुर्चीच्या आत होता.

मास्तर म्हणतात बाकीच्या पाचही उघडा, मी नवीन घेईन. मी नाही म्हटलं. तुमचा पक्का सांधा मोडायचा माझ्याच्याने होईना. पण झोप लागत नाही. त्यांत काय लिहिलंय ते तुम्हीच सांगा. आणि हेही सांगा, तुम्ही हे कुणी वाचावं म्हणून लिहिलंत का कुणी वाचू नये म्हणून?

दाराचंही खरं सांगा. शिंपीणबाईच्या भाच्याला मी खुर्ची घरपोच पाठवली होती. तो दुकानात आलाच नव्हता.

खिट्टी

२० मे

चि. खिट्टीस खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र शिंपीणबाईसमोर उघडलं ही चूक झाली. ती म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, कुणीतरी आलं."

विचारलंस तर सांगतो. वाचावं म्हणूनच लिहिलं होतं. माझा हिशेब असा होता की कचेरीतली माणसं खुर्चीत सरळ बसत नाहीत. मागच्या दोन पायांवर झुलतात, पाय ताणतात. दोन-तीन वर्षांत सांधे ढिले होणार. खुर्च्या दुरुस्तीला माझ्याकडेच येणार. मग त्यांच्या साहेबासमोर सांधा उघडीन आणि म्हणेन, वाचा. तोंडाने बोलायची हिंमत नव्हती, औषध थांबलं असतं. आई गेल्यावर मात्र थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तोंड उघडलं नाही. म्हटलं, खुर्च्या येतील तेव्हा बघू.

खुर्च्या आल्याच नाहीत. मी त्यांच्या खिडकीवरून मुद्दाम जायचो. सगळे आरामात बसलेले. एकही डुगडुगत नाही. हाताला वाईट काम येतच नव्हतं गं. मनात होतं की मोडावी, आणि हात मात्र सांधा असा बसवत होते की मोडू नये. असा मूर्खपणा सुतारच करू जाणे. मी थोडा कमी चांगला सुतार असतो तर त्यांनी वाचलं असतं, आणि तूही वाचलं असतंस.

बाकीच्यांत काय आहे ते सगळं आठवत नाही. एकात लिहिलं, ‘आज दोन घास खाल्ले.’ एकात तिने चाळणखोलीतल्या बायकांची नावं सांगितली होती, कोणाकोणाला खोकला आहे त्यांची, ती सात नावं लिहिली. एकात ‘खिट्टी माझ्याशी बोलत नाही.’ हे दोनदा लिहिलं, वेगवेगळ्या दिवशी. चाळिसावीत काही लिहिलं नाही, नुसती तारीख टाकली. ती तारीख तुला माहीत आहे.

तुला बाहेर पाठवायचो ते वासासाठी नव्हे. लिहिताना तू बघशील आणि मला रडू येईल, म्हणून.

आता दाराचं. चार वर्षांपूर्वी आलो होतो. समोरच्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. तू दार उघडायला आलीस, ते अडलं, तू तीनदा खांदा लावून ढकललंस. आईही मोरीचं दार तसंच ढकलायची. उठलो, रस्त्याच्या मध्यापर्यंत आलो. मग वाटलं, आत जाऊन बोलायचं काय? जे सांगायचं ते तर चाळीस खुर्च्यांत अडकलेलं. परतीची गाडी धरली.

आणखी एक खोटं लिहिलं होतं. काम चालू नाही. वर्ष झालं, हात कापतात. रंधा धरला की लाकूडच हसतं.

पण तुझं पत्र आलं आणि शिंपीणबाईने आणलेला तुझा तो कागद मी माझ्या दाराच्या चौकटीवर ठोकला. बाहेरच्या बाजूने. पहिले दोन दिवस मी आत बसून लोकांचे पायच बघत होतो, कोण थांबतो म्हणून. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाईचा जावई थांबला. मला वाटलं आता फाडतो. त्याने सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, आत आला.

म्हणाला, "आजोबा, माझी बायको आता चाळणखोलीत आहे. तिलाही खोकला लागलाय. हे इतकी वर्षं कुठे होतं?"

मी म्हटलं, "तुमच्याच कचेरीत."

त्याला कळलं नाही. मग बसवून सगळं सांगितलं, तोंडाने, पहिल्यांदा. नव्या मालकाकडे पाचसहा जण पंखा मागायला जाणार म्हणतात. होईल का, कामावरून काढतील का, मला सारखी धास्ती लागली आहे. शिंपीणबाई माझ्याशी बोलत नाही. रोज येते मात्र, आणि भिंतीशी बोलते, मला ऐकू येईल अशा आवाजात. "जावयाचं काम गेलं तर कोण बघणार, काय गं भिंती?" तिचंही चूक नाही. दमलेल्याला टेकू द्यावं हे मला अजून वाटतंच, खिट्टी. तुझं सगळं पटलं असं समजू नकोस. पण मी जे केलं त्यापेक्षा तुझा कागद बरा.

मी एक खुर्ची करायला घेतली आहे. हात कापतात म्हणून दीड महिना झाला, काम अजून व्हायचंय. उंच पाठीची. तीन पाय सरस लावून बसवले. चौथ्याची पट्टी कोरडीच आत सारून ठेवली आहे. तिच्या टोकावर काही लिहिलेलं नाही. ते तुझ्यासाठी ठेवलंय. तू ये, छोटा रंधा घे, ती पट्टी नीट कर, लिहायचं ते लिही. आत लिहायचं का बाहेर ते तू ठरव. सरस मी तापवीन, आणि या वेळी तुला बाहेर पाठवणार नाही.

पण वेळ लावू नकोस. शिंपीणबाई भिंतीशी बोलायला येते आणि नेमकी त्याच खुर्चीवर टेकायला जाते. रोज ओरडून उठवतो. एक दिवस माझं लक्ष नसेल आणि ती पडेल. कोणत्या गाडीने येतेस तेवढं लगेच कळव. पोस्टमनला मी आता सरळ विचारतो.

वाट बघणारा,
तुझा बाबा